कुलाराच्या हॉलचं छप्पर

ऑक्टोबरातल्या एका दुपारी डोंगराकडून गारा आल्या आणि वीस मिनिटांत कुलारा गावाच्या सार्वजनिक हॉलचं पूर्वेकडचं छप्पर फोडून गेल्या. एकेक गार लिंबाएवढी. गाड्यांच्या टपांना पोचे आले, ग्लेनिसच्या टोमॅटोच्या रोपांचा चेंदामेंदा झाला, पण गावाला हळहळ वाटली ती हॉलची. वीजकेंद्रातल्या कामगारांनी छप्पन साली सुट्टीच्या दिवशी राबून तो बांधला होता. भिंती सिमेंटच्या सपाट पत्र्यांच्या, छप्पर सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचं. तेव्हा सगळं खोरंच त्या पत्र्यांनी बांधलं जात होतं. स्वस्त, हलके, आगीला न बधणारे पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असतं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. ॲस्बेस्टॉस माणसाचं काय करतं, हे फार उशिरा कळलं.

हॉल कमिटीचा चिटणीस लॉयड ट्रेंबाथ दुसऱ्या दिवशी सकाळी नुकसान बघायला गेला. पंचाहत्तरीचा गडी, उंच, खांद्यात जरासा वाकलेला. तो हॉलच्या जवळ गेलाच नाही. गवतात राखाडी तुकडे पडले होते आणि एकाच्या तुटल्या कडेतून केसांसारखे बारीक धागे बाहेर आलेले त्याला दहा पावलांवरून दिसले. त्याने गाडीतून दोरी काढली, कुंपणाच्या खांबापासून झाडापर्यंत आडवी बांधली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'आत येऊ नका.'

लॉयडने वीजकेंद्रात चौतीस वर्षं काढली होती. त्यातली पहिली बारा वाफेच्या नळांवर पांढरं लिंपण थापणाऱ्या टोळीत, आणि त्या बारातली शेवटची पाच टोळीचा मुकादम म्हणून. लिंपण म्हणजे ॲस्बेस्टॉसच. ओलं असताना पिठासारखं, वाळलं की भुकटी. कंटाळा आला की टोळीतली माणसं त्याचे गोळे करून एकमेकांना मारत आणि खिदळत. लॉयड पांढराफटक होऊन घरी यायचा, आणि त्याची बायको नोएलीन मागच्या दारात त्याचे कपडे झटकून धुवायला टाकायची. नोएलीन २००९ साली फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने गेली. लॉयडच्या छातीत नुसते डाग निघाले. "तुम्ही नशीबवान आहात," असं छातीचे डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याचं काय करायचं ते त्याला अजून कळलं नव्हतं.

मंगळवारी कमिटीची बैठक ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात भरली. ग्लेनिस मॅकअवॉय कमिटीची अध्यक्ष. शाळेच्या कँटीनमध्ये उभा जन्म गेल्यामुळे ती मोठ्या माणसांनाही रांगेत उभं केल्यासारखं बोलायची. टेबलावर चहा, नारळाचा कीस लावलेले केकचे तुकडे आणि छप्पर उतरवून देणाऱ्यांची दोन पत्रं होती. एक शहरातल्या कंपनीचं, सहा पानी. दुसरं जॅरड काइटचं, एक पानी, आणि आकडा पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.

"यात बोलण्यासारखं काय आहे?" ग्लेनिस म्हणाली. "जॅरड आपला आहे. मुलींच्या फुटबॉल संघाला फुकट शिकवतो. नाताळच्या पार्टीच्या आधी छप्पर होईल म्हणतोय. शहरातली माणसं म्हणतायत, आधी सरकारला कळवायचं, मग पाच दिवस थांबायचं, मग हवा तपासायची, मग आणखी कोण तरी येऊन दाखला देणार. छप्पर उतरवतायत की राणीचं लग्न लावतायत?"

सगळे हसले. लॉयड हसला नाही.

"परवाना बघितलास का त्याचा?" त्याने विचारलं. "दहा चौरस मीटरच्या वर काम असलं की परवाना लागतो, ग्लेनिस. आपलं छप्पर त्याच्या वीसपट आहे."

"ही घे झेरॉक्स. नंबर आहे, शिक्का आहे. आणखी काय, त्याच्या बाळपणीचे फोटो हवेत?"

"नंबर तपासून बघतो. पुढच्या मंगळवारी ठरवू."

"तपास बाबा. तुला दुसरं काय काम आहे?" ग्लेनिसने त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा टाकला. तिचं बोलणं असंच असे आणि लॉयडला त्याचा राग येत नसे.

नंबर तपासणं अगदी सोपं होतं. राज्याच्या कार्यालयात फोन केला, वाट बघत दोन गाणी ऐकली, मग एक मुलगी फोनवर आली. तिने नंबर विचारला, खटखट केलं आणि म्हणाली, "हा परवाना एका कंपनीचा होता, साहेब. कंपनी बंद झाली. परवाना तीन वर्षांपूर्वी रद्द झालाय."

"जॅरड काइट नावाचा कोणी?"

"त्या नावाने कधीच परवाना दिलेला नाही. तुम्हाला तक्रार करायची आहे का?"

लॉयडने झेरॉक्सची घडी केली. "नाही," तो म्हणाला. "नुसतं विचारत होतो."

गोष्ट अशी होती की जॅरड हा कॉलिन काइटचा मुलगा. कॉलिन लॉयडच्या टोळीतला. दोघं एका शिडीवर चढले, एका डब्यातले सँडविच खाल्ले, एकमेकांच्या लग्नात नाचले, दोन्ही लग्नं त्याच हॉलमध्ये लागली. एकदा नळ बदलायच्या वेळी जुनं वाळलेलं लिंपण जमिनीवर घोट्याएवढं साचलं होतं. वरून निरोप आला, पाहुणे यायचेत, झाडून घ्या. मुकादम लॉयडने झाडू कॉलिनच्या हातात दिला. तोपर्यंत ही भुकटी घातक असल्याचे काही कागद फिरू लागले होते, काही कुजबुज कानावर आली होती. लॉयडने ती ऐकली होती आणि तरी झाडू दिला होता. नोएलीननंतर पाच वर्षांनी कॉलिनही त्याच दुखण्याने गेला. शेवटच्या महिन्यात लॉयड रोज त्याच्या उशाशी बसायचा. कॉलिनने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही आणि लॉयडनेही काढला नाही.

म्हणून तो तक्रार न करता सरळ जॅरडच्या घरी गेला.

जॅरड अंगणात ट्रेलरचं चाक काढून बसला होता. चाळिशीला आलेला, रुंद हातांचा, बापासारखाच ओठांच्या एका कोपऱ्यातून हसणारा. त्याची बायको टीगन दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने लांबूनच हात केला. "लॉयड, चहा?"

"नको गं. दोन मिनिटं याच्याशी बोलतो."

ती आत जाईपर्यंत तो थांबला. मग खिशातून झेरॉक्स काढली. "हा नंबर मेलेला आहे, जॅरड."

जॅरडने पाना खाली ठेवला. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग मान. "तू फोन केलास?"

"केला."

"त्या कंपनीत मी सहा वर्षं काम केलंय, लॉयड. कोर्स केलाय, प्रमाणपत्र आहे. पत्रा कसा भिजवायचा, कसा अख्खा उतरवायचा, प्लास्टिकच्या दोन थरांत कसा गुंडाळायचा, सगळं येतं मला. कंपनीच्या मालकाला परवाना होता आणि त्याला पत्र्याची उलटी-सुलटी बाजूसुद्धा कळत नव्हती. कागदामुळे माणूस वाचतो का? हातामुळे वाचतो."

"मग स्वतःचा परवाना काढ."

"काढणारच आहे. त्यालाही वेळ लागतो, आणि घरी बसून हप्ते भरता येत नाहीत." त्याने चाकाकडे बघितलं. "माझा बाप कशाने मेला ते मला सांगायला नको कोणी. मी निष्काळजीपणा करीन असं वाटतं तुला?"

लॉयड अंगणातल्या कपड्यांकडे बघत राहिला.

"हे बघ," जॅरड आवाज खाली आणून म्हणाला, "रॉस म्हणून माझा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे चालू परवाना आहे. त्याला देखरेखीला आणतो. कागद त्याच्या नावाने, सरकारला तो कळवेल, हवा तपासणारा तो आणेल. मग तर झालं? फक्त बैठकीत हा नंबराचा विषय काढू नकोस. गाव लहान आहे. एकदा नाव गेलं की गेलं."

"रॉस येणार नक्की?"

"नक्की."

"त्याच्याशिवाय एका पत्र्यालाही हात लावायचा नाही."

"बापाची शपथ."

पुढच्या मंगळवारी ग्लेनिसने विचारलं, "काय मग, तपास अधिकारी? काय निघालं?"

लॉयड चहात साखर ढवळत होता. साखर कधीच विरघळली होती. "परवान्याचा माणूस असणार आहे कामावर," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. जेवढं जॅरडने सांगितलं तेवढंच होतं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" ग्लेनिस म्हणाली आणि सगळ्यांचे हात वर झाले. लॉयडचाही झाला.

काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास लॉयड पाव आणायला निघाला तेव्हा त्याला टेकडीच्या वळणावरून हॉल दिसला. छपरावर माणूस होता. पूर्वेकडचा अर्धा भाग उघडा पडला होता आणि वासे बरगड्यांसारखे दिसत होते. लॉयडने गाडी गवतात घातली.

जॅरड एकटाच वर होता. तोंडाला मास्क होता खरा, पण पत्रे अख्खे उतरवायला दुसरा माणूस लागतो आणि तो नव्हता. जुने खिळे गंजून बसलेले, म्हणून तो पत्रा पहारीने तोडत होता आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत टाकत होता. पडताना प्रत्येक पत्रा फुटायचा. दर वेळी राखाडी धुरळा उठायचा, उन्हात क्षणभर चमकायचा आणि हॉलच्या उघड्या दारातून आत जायचा.

आत दोन झाडू चालले होते.

ग्लेनिसने डोक्याला रुमाल बांधला होता. टीगनने रंगाच्या कामाचा कागदी मास्क लावला होता, तोही हनुवटीवर ओढलेला, कारण दोघी गप्पा मारत होत्या. जमिनीवर छपरातून गळलेला भुगा पसरला होता आणि त्या तो कोरडाच झाडून ढिगाला लावत होत्या. तिरप्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, फार सुंदर दिसत होती.

"बाहेर या!" लॉयड ओरडला. एवढा मोठा आवाज त्याने वर्षानुवर्षं काढला नव्हता; छातीत कळ आली. "झाडू तिथेच टाका. बाहेर!"

"अरे, काय झालं काय?" ग्लेनिस दचकली. "पाऊस येणार आहे उद्या, म्हणून जॅरड म्हणाला आजच उरकू. आम्ही म्हटलं, हातासरशी आतलंही..."

"टीगन, बाहेर ये. काही झटकू नकोस. अंगावरचं काही झटकू नकोस!"

टीगन त्याच्या चेहऱ्याकडे बघत बाहेर आली. तिच्या पापण्यांवर राखाडी पूड होती. जॅरड शिडीवरून घाईघाईने उतरला.

"रॉस कुठे आहे?" लॉयडने विचारलं.

"त्याने शुक्रवारी नाही म्हटलं. उद्यापासून आठवडाभर पाऊस आहे, लॉयड. मी हिला आत यायला सांगितलंच नव्हतं, आईशप्पथ. मला वरून दिसलंच नाही..."

"कोण रॉस?" टीगन म्हणाली.

तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग लॉयडकडे. ग्लेनिस रुमाल सोडायला गेली, तिचा हात मध्येच थांबला.

लॉयडने नळाला पाइप लावला, दोघींना कपड्यांसकट डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं आणि घरी जाऊन ते कपडे पिशवीत बांधून फेकून द्यायला सांगितलं. ग्लेनिस ओली, चिडलेली, पाय आपटत गेली. मग त्याने हॉलच्या पायरीवर बसून राज्याच्या कार्यालयात पुन्हा फोन लावला. शनिवार होता, पण तातडीच्या कामाचा नंबर होता. जॅरड समोर उभा होता.

"लॉयड, नको. पाया पडतो. मी आताच्या आता सगळं भिजवतो, गुंडाळतो..."

"उशीर झाला, बाळा," लॉयड म्हणाला, आणि फोनवरच्या माणसाला गावाचं नाव सांगायला लागला.

निरीक्षक दुपारीच आले. हॉलला लाल पट्ट्या लागल्या. लोखंडी पेटी, गवत, शेजारचं मुलांचं खेळायचं मैदान, सगळीकडून नमुने घेतले. सोमवारी निकाल आला: जमिनीवर, पडद्यांवर, पियानोच्या आत, सगळीकडे धागे. हॉल बंद. मैदान बंद. नाताळची पार्टी रद्द.

गावाला राग काढायला कोणी तरी हवं होतं आणि ते आयतं मिळालं. जॅरडचा राग कोणाला आला नाही; तो बिचारा मदत करायला गेला होता. राग आला तो फोन करणाऱ्याचा. पाववाल्या बाईने लॉयडला बघून न बघितल्यासारखं केलं. त्याच्या पत्रपेटीत कोणी तरी चिठ्ठी टाकली, 'खूश झालास?' एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने रस्त्यात अडवून विचारलं, "कॉलिनच्या पोराला सरकारच्या तोंडी दिलंस? कॉलिनने तुला काय म्हटलं असतं?" लॉयडला ते ठाऊक नव्हतं. कॉलिनने कधी काही म्हटलंच नव्हतं, हीच तर अडचण होती.

पण खरी गोष्ट गावाला ठाऊकच नव्हती. दोन आठवड्यांनी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात पुन्हा बैठक भरली, तेव्हा लॉयडने ती स्वतः सांगितली. नंबर मेलेला आहे हे त्याला बैठकीच्या आधीपासून माहीत होतं, हे सांगितलं. चिटणीसपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला.

त्या दिवशी केक नव्हता.

"मी तुला विचारलं होतं," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज कँटीनमधला नव्हता. "याच खुर्चीत बसला होतास. मी विचारलं, काय निघालं."

"हो."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. हे दुखणं यायला तीसचाळीस वर्षं लागतात ना? मग मला काय, मी तोवर कबरीत आरामात झोपलेली असेन." तिने हसायचा प्रयत्न केला आणि तो फसला. "पण ती पोरगी एकतीसची आहे, लॉयड."

"माहीत आहे."

ग्लेनिसने राजीनामा उचलला, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "सुटायचं नाही. आता हॉल साफ कोण करणार ते तू शोध. आणि या वेळी सगळं बोल. आम्ही नको म्हटलं तरी बोल."

ते काम त्याने महिनाभर केलं. सरकारी यादीतून तीन नावं काढली. छप्पर आता नुसतं उतरवायचं नव्हतं. धूळ मोकळी झाली होती, म्हणून वरच्या दर्जाचा परवाना हवा होता. प्रत्येक नंबर त्याने स्वतः फोन करून पडताळला, परवान्यावरचं नाव आणि येणाऱ्या माणसाचं नाव एकच आहे का ते विचारलं. पहिली कंपनी म्हणाली, हवा आमचाच माणूस तपासेल आणि दाखलाही तोच देईल. लॉयडने त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या कंपनीला त्याने विचारलं, काढलेला माल कुठे नेता, तिथली पावती दाखवाल का? समोरचा माणूस अडखळला. लॉयडने फोन ठेवला. तिसरी कंपनी एका बाईची होती, मिरियाना पेट्रेस्का. ती स्वतः येऊन हॉलभोवती दोनदा फिरली आणि लॉयडने काही विचारायच्या आधीच परवाना, विम्याचा कागद आणि जुन्या पाच कामांच्या मालकांचे फोन नंबर तिने गाडीच्या टपावर मांडले.

"पाचही जणांना फोन करा," ती म्हणाली. "त्यातला एक माझ्यावर नाराज आहे. त्यालाही करा."

"नाराज का?"

"फार वेळ लावते म्हणून."

लॉयडने पाचही जणांना फोन केले. नाराज माणसाशी तो सगळ्यात जास्त वेळ बोलला. मग बैठकीत त्याने तिचं नाव सुचवलं, आणि तिचा निष्कर्षही न लपवता सांगितला: हॉल वाचत नाही. भिंतीही त्याच पत्र्यांच्या, गारांनी आणि पहारीच्या धक्क्यांनी त्याही ठिकठिकाणी तडकलेल्या. सगळाच उतरवावा लागेल.

"सगळा?" कोणी तरी म्हणालं.

"सगळा."

फेब्रुवारीत ते काम झालं. हॉलभोवती पांढरा तंबू उभा राहिला, पंखे घुरघुरत राहिले. पांढऱ्या पोशाखातली माणसं आत जात आणि अंघोळ करूनच बाहेर येत. एकेक पत्रा भिजवून, अख्खा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर आला. पियानोही तसाच गुंडाळून गेला. मैदानाची वीतभर माती खरवडून नेली. लोक रस्त्याच्या पलीकडे खुर्च्या टाकून बघत बसायचे, दफन बघावं तसे, आपसात हळू बोलत. बाराव्या दिवशी तंबू उतरला आणि तिथे नुसतं सिमेंटचं जोतं उरलं. वेगळ्याच माणसाने येऊन हवा तपासली, दाखला दिला. लॉयडने तो कमिटीच्या फायलीत लावला.

जॅरडला दंड झाला आणि या धंद्यात उभं राहायला बंदी झाली. मार्चमध्ये तो खाणीच्या कामाला पश्चिमेकडे निघून गेला. आधी म्हणाले तीन महिन्यांसाठी, मग कोणी काही म्हणेना. जाताना तो लॉयडच्या घरावरून गेला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही.

एप्रिलमध्ये, एका ढगाळ सकाळी, टीगन आली. लॉयडने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात मोठा लिफाफा होता.

"मी डॉक्टरांकडे गेले होते," खुर्चीत बसत ती म्हणाली. "ते म्हणतात, काही कळणार नाही. आता छातीचा फोटो काढून उपयोग नाही. बहुतेक काही होणार नाही, म्हणाले. बहुतेक. तू सांग."

"डॉक्टर बरोबर सांगतायत. एकदाच गेलं तुझ्या छातीत. आम्ही बारा वर्षं खाल्लं."

"नोएलीनने किती खाल्लं होतं?"

लॉयडने तिच्याकडे बघितलं. बैठकीत सांगितलं होतं तसं अर्धंच सांगून मोकळं होता आलं असतं. "ती कधी वीजकेंद्रात गेली नव्हती," तो म्हणाला. "फक्त माझे कपडे धुवायची."

टीगनने मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं आणि फक्त तो सांगतो का तेवढंच बघायचं होतं. "तू घरी आला होतास त्या दिवशी," ती म्हणाली. "मी चहा विचारला. तू नको म्हणालास. मी आत जाईपर्यंत थांबलास. माझ्यासमोर का नाही बोललास?"

"तुझ्या सासऱ्याचं एक देणं लागत होतो मी. तुझ्या नवऱ्याला वाचवून फेडतोय असं वाटलं."

"आणि ते माझ्या अंगावर फेडलंस."

"हो," लॉयड म्हणाला.

ती रडली नाही. त्याला वाटत होतं, रडली तर बरं होईल, निदान पाणी तरी आणून देता येईल. बाहेर पावसाचे चार थेंब पडले आणि थांबले.

मग तिने लिफाफा उघडला. धुळीशी संपर्क आलेल्या माणसांची सरकार एक नोंदवही ठेवतं, तिचा तो अर्ज होता. "तुला असले कागद भरायची सवय आहे," ती म्हणाली. "मला काय लिहायचं कळत नाही. पुढे काही झालंच तर दाखवायला असावं म्हणतात."

लॉयडने चष्मा लावला. नाव, जन्मतारीख, ठिकाण. पदार्थ कोणता. तारीख.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"अर्धा तास. नाही, थांब. ग्लेनिसने आधी पडदे काढले, मग आम्ही झाडायला लागलो. चाळीस मिनिटं लिही."

त्याने चाळीस लिहिलं. खाली एक मोठा चौकोन होता: संपर्क कसा आला, ते तुमच्या शब्दांत लिहा.

"माझ्या शब्दांत," टीगन म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत, एकेक वाक्य थांबून, सांगत गेली. वादळ आलं. छप्पर फुटलं. नवऱ्याने काम घेतलं. मी झाडायला गेले, कारण मला कोणी नको म्हणालं नाही. काम करणाऱ्याकडे परवाना नव्हता. हे आधीपासून माहीत होतं.

लॉयडचं पेन थांबलं. "कोणाला माहीत होतं, तेही लिहायचं?"

"लिही."

त्याने आधी जॅरड काइट लिहिलं, त्याच्या पुढे स्वतःचं पूर्ण नाव, आणि अर्ज तिच्याकडे सरकवला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, एका ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं आणि खाली सही केली. पोस्टात टाकतो म्हणून त्याने हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे. मीच टाकते," आणि लिफाफा कोटाच्या आत घालून निघाली.